तू अंगावर घेतलेला नारळ

वसू,

शाळेत तुझी शोकसभा झाली आणि सगळ्यात सुंदर भाषण केलं ते आठवीतल्या श्रेयसनं. का नाही करणार, तुझ्याच हाताखाली तयार झालेला वक्ता तो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, समोरच्या गर्दीतला एकच चेहरा निवडून त्याच्याकडे बघत कसं बोलायचं, सगळं तू घोटून घेतलं होतंस. त्यानं तुझ्या फोटोला हार घातला, माइकपाशी आला आणि म्हणाला, "आमच्या बाईंनी दुसऱ्याचा भार आपल्या अंगावर घेतला. आणि तो भार त्यांना पेलला नाही." मग थांबला, अगदी तू शिकवलंस तेवढाच. बघायला त्यानं निवडलेला चेहरा त्याच्याच वर्गातल्या दर्शनाचा होता.

हेडसरांनी रुमाल काढला. मागे बसलेल्या आया पदर डोळ्यांना लावत होत्या. मी मात्र दर्शनाकडेच बघत होते. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या पोरीनं दोन्ही कानांतली ऐकायची मशीनं हळूच काढली, मुठीत धरली आणि मान खाली घातली. सभा संपली, पोरं उठली, तरी ती तशीच बसून. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही.

आणि तू फोटोत हसतेयस. तो फोटोही मेला स्नेहसंमेलनातला, गजरा माळून काढलेला. अशी चिडलेय ना मी तुझ्यावर! लोक माझ्यापाशी येऊन बसतात, 'तुमची मैत्रीण फार मोठ्या मनाची होती हो' म्हणतात. मी मान हलवते आणि मनात म्हणते, मोठ्या मनाची होती खरी, पण ऐकायची नाही कुणाचं.

किती वर्षं तुझ्या स्कूटरवर मागे बसून शाळेत गेले मी. दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, अंगणाअंगणात वाळत घातलेली सुपारी, आणि तू बोलता बोलता मान वळवून मागे बघणार. "वसे, पुढे बघ, गाय आहे!" हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा पाढेसुद्धा म्हणवून घेतले नसतील. आपली सगळी भांडणं त्या स्कूटरवर झाली. तू मराठीची, मी गणिताची. तू पोराच्या मनात शिरणार, मी त्याच्या वहीत. तू म्हणायचीस, चारू, तुला पोरं घाबरतात. मी म्हणायचे, घाबरू देत, निदान गणित तरी येतं त्यांना.

ती गोष्टही तू स्कूटरवरच सांगितलीस. सांगितलीस कसली, वळणावर गाडीच थांबवलीस.

मधल्या सुट्टीनंतर तू आठवीच्या वर्गात मागच्या दारानं शिरलीस. वर्ग भरलेला. सगळ्यांची तोंडं हलत होती. कुणी शेजारच्याशी बोलतंय, कुणी हातवारे करतंय, कुणी पोट धरून हसतंय, आणि आवाज कसलाच नाही. वर पंखा फिरत होता तेवढाच ऐकू येत होता. आणि मधल्या बाकावर एकटी दर्शना. मशीन कानातून काढतेय, हलवून बघतेय, सेल बदलतेय, परत घालतेय. पुन्हा काढतेय. तिच्या कपाळावर घाम आला होता, असं तू म्हणालीस.

पोरांनी त्या खेळाला नाव ठेवलं होतं, 'म्यूट'. श्रेयसनं बोट ओठांवर ठेवलं की म्यूट सुरू, बोट काढलं की बंद. पावसाळाभर चालला होता हा प्रकार. तिच्या आईनं, सुरेखानं, मासळीचा दिवसाचा धंदा बुडवून पोरीला अलिबागला नेलं, मशीन तपासून आणलं. मशीन चांगलं आहे म्हणाले. परत नेलं, परत चांगलं. मग घरी आईलाच वाटायला लागलं, पोरगी शाळा चुकवायला सोंगं करते.

कुणी तिला हात लावला नव्हता. ओरखडा नाही, शिवी नाही, फाटलेला गणवेश नाही. "चारू, तक्रार कशाची लिहायची गं? सगळे गप्प होते म्हणून?" असं तू मला विचारलंस. मी तडकाफडकी उत्तर दिलं, त्या श्रेयसच्या दोन कानाखाली ठेवून दे, सुतासारखा सरळ होईल.

तू मान हलवलीस. "मार खाऊन तो फक्त आणखी सावध होईल. आणि बाकीच्यांचं काय? अख्खा वर्ग तोंडं हलवत होता. त्यांतल्या निम्म्या पोरांना ते नको वाटत असणार, तरी हलवत होती. मला श्रेयसची तितकी भीती नाही वाटत, ह्यांची वाटते."

आणि मग तू लागलीस कामाला, तुझ्या पद्धतीनं. मधल्या सुट्टीत चहा सोडून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचीस. पाण्याच्या टाकीमागे, सायकलींच्या शेडमध्ये, मुलींच्या मुतारीकडे जाणाऱ्या बोळात चकरा मारायचीस. म्हणायचीस, शाळेत मोठं माणूस कुठे कुठे नसतं त्या जागा आधी शोध, बाकीचं आपोआप कळतं. हेडसरांच्या दाराशी तक्रारपेटी टांगलेली आहे, ती कायम रिकामी असते आणि तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जातात. तू त्यांना तोंडावर विचारलंस, सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत त्या पेटीत चिठ्ठी टाकायला तुम्ही गेला असतात का? वर्गातल्या एकेका पोराला तू एकटं बोलावून बसायला लागलीस. ओरडायची नाहीस. 'तुला बघताना कसं वाटलं' एवढंच विचारायचीस म्हणे. मला ते फार बुळबुळीत वाटायचं. खरं सांगू, अजूनही अधूनमधून वाटतं, वेळेवर दोन बसल्या असत्या तर पुढचं टळलं असतं. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं, वसू. तू नाहीस म्हणून मी हार मानणार नाही.

तुझं ते काम रांगेला लागतंय तोच तुला आठवडाभर प्रशिक्षणाला अलिबागला बोलावणं आलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सुरेखाला कुणाकडून तरी म्यूटचं कळलं. तिचा आवाज तुला माहीत आहे. बाजाराच्या ह्या टोकाला पापलेटचा भाव बोलली तर त्या टोकाला घासाघीस सुरू होते. ती पटांगणात उभी राहून अशी कडाडली की प्राथमिकची पोरं रडायला लागली. श्रेयसचे वडील धावत आले, तेही ओरडायला लागले. हेडसर घामाघूम. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, नारळावर मिटवून टाका ना.

आपल्या गावात भांडण नारळावरच मिटतं. बांधाचं असो, विहिरीचं असो, जाळी कुणी फाडली त्याचं असो. दोन्ही पक्ष ग्रामदेवीसमोर उभे राहतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, नारळ फोडतो, आणि दोघांनी त्या एकाच नारळाचं खोबरं खायचं. त्यानंतर तो विषय कुणी काढायचा नाही. काढणाऱ्याच्या घरावर देवीचा कोप. कोर्टात आयुष्यं गेली असती अशी भांडणं त्या खोबऱ्याच्या तुकड्यावर थांबलेली मी पाहिली आहेत, म्हणून मला त्या प्रथेला नावं ठेवता येत नाहीत. त्या दिवशी जमलेली माणसंही वाईट नव्हती गं. त्यांनी त्यांना ठाऊक असलेला सगळ्यात चांगला उपाय केला. आठवीतली दोन पोरं देवीसमोर उभी केली, हातावर खोबरं ठेवलं आणि सगळी माणसं आपापल्या घरी जेवायला गेली.

तू परत आलीस. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी तुला आनंदानं सांगितलं, मिटलं हो एकदाचं. तू पिशवी खाली टाकून खुर्चीत मटकन बसलीस. "मिटलं कुणाचं? त्याचं मिटलं. त्या पोरीचं तोंड बंद केलंत तुम्ही," म्हणालीस. वणव्याची बातमी आल्यासारखा चेहरा झाला होता तुझा. आम्ही एकमेकींकडे बघून खांदे उडवले.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं. वरवर सगळं शांत. परिपाठ वेळेवर, खिचडी वेळेवर, वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल. दर्शना मशीन घालून यायची आणि वर्गात शिरताना काढून दप्तरात टाकायची. डबा उघडायची नाही. विचारलं तर "काय न्हाय बाई". वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो ना, तिची नजर तिकडेच. वारा जरा वाढला की बाकावर चुळबुळ करायची, नखं खायची. माझ्या तासाला एकदा वाऱ्यानं खिडकी आपटली तर ती उभीच राहिली. पोरं हसली नाहीत. ती सगळी श्रेयसकडे बघत होती आणि श्रेयस फळ्यावरचं गणित उतरवून घेत होता.

ती देवीच्या शब्दाला घाबरून गप्प आहे, एवढा छडा शेवटी तूच लावलास, पण पुढचं तिच्याकडून काढून घेणं तुलाही जमेना. मग तू देवळात गेलीस. म्हाताऱ्या गुरवकाकांना विचारलंस, देवीसमोर दिलेला शब्द परत घेता येतो का? ते म्हणाले, "शब्द परत नाय घेता येत बाई. पन घरातल्या मोठ्यानं देवीला सांगून तो आपल्या अंगावर घेतला, तर पोराला दोष लागत नाय. लागला तर त्या मोठ्याला."

हे मला सांगून तू म्हणालीस, मी घेणार आहे अंगावर. मी चालत्या स्कूटरवरून उतरायचीच बाकी होते.

"वसे, डोकं ठिकाणावर आहे का? तू शिकलेली बाई. त्या पोरीला सरळ सांग की हे सगळं खोटं आहे."

"सांगितलं. तिनं मान हलवली आणि गप्प बसली. तिला ते खरं वाटतं, चारू. मला ती बोलायला हवी आहे."

"आणि उद्या तुला साधा ताप जरी आला, तर ती पोर काय समजेल?"

तू आरशातून माझ्याकडे बघून हसलीस. "मला काय होतंय!"

जळ्ळं मेलं ते हसणं. डोळे मिटले की समोर येतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तू दर्शनाला देवळात घेऊन गेलीस. देवीपुढे नारळ ठेवलास आणि मोठ्यानं म्हणालीस, हिचा शब्द आता माझा, ही बोलेल, जो काय दोष तो माझा. आणि ती पोर बोलली. देवळाच्या पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत बोलली. शनिवारी सकाळी तू कशी उजळलेली होतीस! मला सांगताना मात्र आवाज खाली आला तुझा. नारळ फोडला त्याच दुपारी श्रेयसनं तिच्या कानातल्या मशीनजवळ तोंड नेऊन अगदी हळू सांगितलं होतं, "विषय काढलास तर देवी बघून घेईल. तुझा बाप रोज पाण्यात असतो." म्हणजे त्यानंतर ती पोर रोज वर्गात बसून बापाला जिवंत ठेवत होती, गप्प राहून. तू म्हणालीस, सोमवारी तिला हेडसरांपुढे बसवते, आता नारळबिरळ काही नाही.

सोमवार तू पाहिला नाहीस. रविवारी सकाळी परसात सुपारी पसरता पसरता कोसळलीस, ती उठली नाहीस.

गावाला कारण लगेच सापडलं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. चहा देताना, तुझ्या दाराशी चपला काढताना, पाणवठ्यावर, हळू आवाजात. बाईंनी देवीच्या शब्दात हात घातला हो. त्या कोळीवाड्यातल्या पोरीपायी. कुणाच्याही बोलण्यात दुष्टावा नव्हता, उलट हळहळ होती. आणि मग शोकसभेत श्रेयसनं तेच, सुंदर मराठीत, थांबून थांबून, सगळ्यांसमोर तिला सांगितलं.

तिला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. बोलले आणि बाई मेल्या. आता पुढचा नंबर बापाचा.

आणखी ऐक. हेडसरांनी मला बाजूला घेतलं. "चारुताई, वातावरण फार बिघडलंय. आपण सगळ्यांनी मिळून देवीला आणखी एक नारळ देऊ. दोन्ही मुलांना पुन्हा उभं करू, म्हणजे सगळ्यांच्याच मनाला शांती." सज्जन माणूस, हात जोडून सांगत होता. त्या पोरीच्या हातावर पुन्हा खोबरं ठेवलं की ती जन्मभर तोंड उघडणार नाही, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. आणि ती शाळेत यायची ती कायमची बंद होईल. तू असतीस तर काय केलं असतंस, ह्याचा विचार करत मी रस्ताभर चालत घरी आले, कारण स्कूटर तुझ्या पडवीत उभी आहे.

मग शाळेच्या कपाटाची चावी लागली म्हणून मी तुझ्या घरी गेले. अरुणभावजींनी तुझी पर्स माझ्या हातात दिली, तुम्हीच बघा म्हणाले, माझा हात होत नाही. चावी शोधताना गोळ्यांची पट्टी हाताला लागली. रक्तदाबाच्या गोळ्या. एकही फोडलेली नाही. खाली आणखी पट्ट्या, सगळ्या तशाच भरलेल्या.

माझ्यासमोर डॉक्टरांनी दम दिला होता तुला! रोज विचारायचे मी, घेतलीस का? रोज म्हणायचीस, घेतली गं बाई, किती मागे लागतेस. सगळ्या गावच्या पोरांची काळजी करणारी शहाणी, स्वतः एक गोळी पाण्याबरोबर गिळायला झालं नाही तुला? तुझ्या ओट्यावर बसून मी ओक्साबोक्शी रडले. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. भावजी घाबरले बिचारे. इतका राग आला होता मला तुझा, आणि तेवढीच तू हवी होतीस, शिव्या द्यायला.

ती पट्टी घेऊन मी तशीच कोळीवाड्यात गेले. सुरेखा दारात जाळं उकलत होती. त्या बाईचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "जेवत न्हाय गो बाय ती. बोलत न्हाय. बाप होडीवर निघाला का पाय धरून बसते. रडत असती तर बरं होतं." दर्शना आत भिंतीला टेकून बसली होती, कान रिकामे. मी हातानं खूण केली, मशीन घाल. बराच वेळ लावून तिनं घातलं.

मला तुझ्यासारखं गोड बोलता येत नाही. मी पट्टी तिच्या हातात दिली. "ही तुझ्या बाईंची. रोज एक घ्यायची होती. एकही घेतली नाही. म्हणून गेली ती. डॉक्टरला विचार, भावजींना विचार. तुझ्या बोलण्यानं गेली नाही."

तिनं एकेका गोळीवरून बोट फिरवलं. मग मान वर केली. "तुम्ही घेता बाई?"

"काय?"

"गोळ्या."

"घेते. साखरेच्या."

"दाखवा."

काय म्हणू मी! पर्समधून माझी पट्टी काढली आणि दिली तिच्या हातात. अर्धी रिकामी. तिनं ती तुझ्या पट्टीशेजारी धरून नीट बघितली. "मंग मी सांगितलं तर तुमाला काय होनार न्हाय?"

"नाही."

"आनि बाबांना?"

इथे मी अडकले. गणिताची बाई मी, खोटं उत्तर कसं देऊ? म्हटलं, "समुद्राचं मला ठाऊक नाही गं बये. होडीला काय व्हायचं ते वाऱ्यानं होतं, पाण्यानं होतं, इंजिन बिघडून होतं. तुझ्या बोलण्यानं होत नाही. एवढं मात्र मला ठाऊक आहे." सुरेखा जाळं तसंच मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होती.

हेडसरांनी बैठक ठेवली. मी खोलीत शिरले तर टेबलावर शेंडीचा नारळ तयार! मी तो उचलला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, सर, घरी न्या, चटणी करा. आज इथे फक्त ऐकायचं. श्रेयसला आणि त्याच्या वडिलांना मी दुसऱ्या खोलीत बसवलं, कारण तुझं म्हणणं होतं, त्या दोघांना समोरासमोर कधीही बसवायचं नाही. बघ, ऐकलं की नाही तुझं?

दर्शना आईबरोबर आली होती. बाप आदल्या संध्याकाळी होडी घेऊन गेलेला, आणि सकाळपासून वारा सुटला होता. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही बोलत नाही. तेवढ्यात दारात तिच्या वर्गातल्या दोन मुली आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांतली एक म्हणाली, "सर, वसुधाबाईंनी आम्हाला विचारलं होतं, बघताना कसं वाटलं. आम्ही उत्तर दिलं नव्हतं. आता द्यायचंय." तुझं ते बुळबुळीत काम, वसू. मी हेडसरांच्या कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले.

आणि मग दर्शना बोलली. म्यूटचं बोलली. काढून घेतलेल्या सेलचं, आजूबाजूला रिकाम्या सोडलेल्या बाकांचं, कानाशी येऊन सांगितलेल्या त्या वाक्याचं. बोलताना नजर खिडकीबाहेर पाण्यावर; वारा वाढला तशी एक वाक्य अर्धंच सोडून थांबली. सुरेखानं तोंडात पदर कोंबला होता. हेडसर चष्मा काढून बसले होते. शेवटी ते म्हणाले, देवीसमोर मी स्वतः सांगेन की हे मी उकरून काढायला लावलं. मी म्हटलं, कुणी काही अंगावर घ्यायचं नाही सर, एक माणूस गेलंय माझं. त्यांनी मान हलवली. सुट्टीत बोळात आणि टाकीमागे कुणी उभं राहायचं ते तिथेच ठरलं, श्रेयससाठी तालुक्याहून समुपदेशक बाईंना बोलवायचं ठरलं.

बाहेर आले तर श्रेयस व्हरांड्यात हात मागे बांधून उभा. "बाई, माझं भाषण आवडलं का तुम्हाला?" असं विचारलं त्यानं, इतक्या अदबीनं! हात शिवशिवला गं माझा. तेवढ्यात त्याचे वडील बाहेर आले, त्यांनी त्याच्या मानेवर पंजा ठेवला, आणि त्या पोरानं असे डोळे मिटून घेतले की माझा हात आपोआप खाली आला. त्याच्यासाठी तुझ्याच पायरीवर बसावं लागणार आहे मला. जमेल की नाही, माहीत नाही.

संध्याकाळी दर्शना बंदरावर जाऊन बसली. मीही गेले. होड्या एकेक करून आत आल्या, मासळी उतरली, लिलाव झाला, बाया टोपल्या उचलून गेल्या. तिच्या बापाची होडी आली नाही. वारा चढत होता. सुरेखा पुटपुटत होती, इंजनाचं काम निघालं असंल. दर्शनाशेजारी बसून मी, देव न मानणारी, काय काय कबूल केलं देवीला ते तुला सांगणार नाही, हसशील. पण एक सांगते. त्या वेळी मला तुझा राग आला नाही. मी बोलले तर कुणीतरी मरेल, ही भीती पोटात घेऊन बसणं काय असतं, ते मला त्या वाळूत कळलं, आणि तू देवळात का गेलीस तेही कळलं.

दिवेलागण झाल्यावर होडी आली. बाप गुडघाभर पाण्यात उतरला, दोर ओढत वाळूवर आला, आम्हाला बघून दचकला. सुरेखा त्याला शिव्या देत धावली. मी हुश्श केलं, पदर झटकला आणि उठले. वाटलं, झालं, सुटली पोर.

दर्शना उठली नाही. बापाचे दोन्ही पाय कोरड्या वाळूवर येईपर्यंत ती बघत राहिली. मग तिनं कानातली मशीनं नीट बसवली आणि माझा पदर धरून मला परत खाली बसवलं.

"बाई," ती म्हणाली, "आता राहिलेलं सांगते."